लॅकर वाळेपर्यंत

४ फेब्रुवारी
कन्येला पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. २१ मे रोजी जाणार. पाच वर्षं, परगावी, गुराढोरांत. मी अभिनंदन केलं. बायको रडली. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, आता जावईबापूंना दाखवायची घरच्या घरी सोय झाली. या वाक्यात अपमान आहे की नाही हे ठरवायला मला दुपार लागली. आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कन्येने एक गाणं रचलं आहे. शब्द तिचे, चालही तिचीच. वरच्या मजल्यावरचे भूगोलाचे सर १८ मेला वाचनालयाच्या हॉलमध्ये गाण्यांचा कार्यक्रम ठेवणार आहेत, त्यात म्हणणार. मला म्हणाली, बाबा, तुम्ही गिटार वाजवाल? जायच्या आधी एकदा आपण दोघं. मी हो म्हणालो. तिने कॉर्ड कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवल्या. चार. वीस वर्षं घरात इलेक्ट्रिक गिटार बाळगणाऱ्या माणसापुढे चार कॉर्ड. हसू आलं, पण दाखवलं नाही. लहान आहे.

५ फेब्रुवारी
गिटार कपाटावरून खाली काढली. धूळ पुसली. धुळीखाली जो रंग निघाला तो पाहून वाईट वाटलं. मधे पिवळी, कडेला तपकिरी. दुकानात टांगलेली दर दुसरी गिटार अशीच असते. कारखान्यातल्या कुणाला तरी एकदा हे सुंदर वाटलं आणि मग कुणी विचारच केला नाही. कडेने करपलेलं ऑमलेट गळ्यात अडकवून मी मुलीशेजारी उभा राहणार नाही.
संकल्प: आधी रंग. मग सराव.

७ फेब्रुवारी
ऑफिस. टाइल्सच्या कंपनीत तक्रार विभाग म्हणजे मी. दिवसाला तीसेक पत्रं येतात, उत्तर एकच जातं: छापील रंग व प्रत्यक्ष रंग यांत किंचित फरक संभवतो, सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे. हे वाक्य मी घडवलं. आधीच्या माणसाने ते दीड पानाचं ठेवलं होतं. ‘किंचित’ हा शब्द सर्वस्वी माझा.
दुपारी नमुन्यांच्या खोलीत सगळ्यात खालच्या फळीवर नमुना क्रमांक ४१७ सापडला. ही टाइल आठ वर्षांपूर्वी बंद झाली. ती लावली की नवी न्हाणीघरं जुनी दिसतात अशा तक्रारी येत. त्या सगळ्या मीच निकाली काढल्या होत्या. ग्राहकांची लायकी नव्हती. राखाडी म्हणावं तर नाही, हिरवा म्हणावं तर नाही. ओरडत नाही, बोलावत नाही. नुसता असतो.
हाच. नाव ठेवलं: संयम.
टाइल पिशवीत घालून घरी आणली. कुणाचं लक्ष नव्हतं. कुणाचं कधी नसतंच.

८ फेब्रुवारी
टाइल जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि काही न सांगता थांबलो. बायको म्हणाली, सार्वजनिक दवाखान्याची भिंत. सासूबाईंनी चष्मा लावला, टाइल खिडकीपाशी नेली. त्यांनी तीस वर्षं शिंप्याच्या दुकानात कापडाला दोरा जुळवून दिला आहे, त्यामुळे रंगातलं आपल्याला कळतं असा त्यांचा समज. म्हणाल्या, राखाडीत हिरवा, आणि पिवळ्याचा एक थेंब जास्त पडलाय. त्यांना विचारलं कुणी होतं?
कन्या म्हणाली, छान आहे बाबा. सराव कधीपासून?
रंगाविषयी बोलत असताना सराव. या पिढीला एका वेळी एका गोष्टीवर मन ठरवता येत नाही.

१२ फेब्रुवारी
रंगारी. गॅरेजमागे लांबट खोली, एका टोकाला पडदा लावून फवारणीची जागा. जुनी टेबलं, पियानो, क्वचित गिटार. माणूस कमी बोलतो. ज्यांच्याकडे विचार कमी असतात त्यांचं तसंच होतं.
मी सांगितलं, वर प्लॅस्टिकसारखा जाड थर नको, जुन्या पद्धतीचं पातळ लॅकर हवं, म्हणजे लाकूड श्वास घेतं. तो म्हणाला, साहेब, लाकूड मेलेलं आहे. ते कशाला श्वास घेतंय. मी दुर्लक्ष केलं. यावर मी चार लेख वाचले आहेत.
लॅकर हवं तर लॅकर, म्हणाला, पण ते सावकाश वाळतं. वरून वाळल्यासारखं दिसतं, आतून ओलं असतं. शेवटचा हात मारला की महिना-दीड महिना टांगून ठेवायचं. मग नाक लावून बघायचं. वास येतोय तोवर वाळलेलं नाही. वास गेला की गिटार तुमची.
शास्त्र म्हणून नाक. मी विचारलं, एखादं यंत्र नाही का? म्हणाला, हेच यंत्र.
मेच्या शेवटी मिळेल म्हणाला. मी १८ मे सांगितली. तो म्हणाला, मी घाई करीन हो, लॅकर करणार नाही.
उर्मट.

१५ फेब्रुवारी
गिटार सुटी करून द्यायची होती. स्क्रू काढायला कन्या बसली. प्रत्येक स्क्रू वेगळ्या पुडीत, पुडीवर नाव, शेजारी छोटंसं चित्र. दोन तास लागले. मी देखरेख केली. अक्षर खराब आहे, ते मी सांगितलं. म्हणाली, डॉक्टरचं असंच असतं बाबा. मग तारा नसलेली नेक, म्हणजे गिटारची लांब दांडी, हातात धरून म्हणाली, तोवर माझ्या गिटारवर सराव करू या?
तिची गिटार साधी, लाकडी पोटाची. समजावून सांगितलं की तिच्या तारा वेगळ्या, त्यांचा ताण वेगळा, माझा हात बिघडेल. तिला पटलं. निदान काही बोलली नाही.

२ मार्च
पहिला नमुना. लाकडाच्या पट्टीवर रंग, मागे पेन्सिलीने १. टाइलशेजारी धरला. फेटाळला. फार निळा. रंगारी म्हणाला, तुमच्या बल्बमुळे दिसतोय, उन्हात बघा. उन्हात कोण गिटार वाजवतं?

९ मार्च
दुसरा नमुना. फार हिरवा. बायको म्हणाली, सरकारी कपाट. ती प्रत्येक रंगात फर्निचर किंवा इमारत पाहते. लग्नाला बावीस वर्षं झाली, तिला अमूर्त काही दिसलेलं नाही.

१६ मार्च
तिसरा. जवळ आलाय, पण आत्मा नाही. रंगाऱ्याला तसं सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. समजलं असावं.

१७ मार्च
कन्येने चहाच्या वेळी गाणं म्हणून दाखवलं. मी डोळे मिटून ऐकलं. दुसरं कडवं लांबलं आहे. ते मी सांगितलं. सासूबाई डोळे पुसत होत्या, पण त्या मालिकांनाही पुसतात.
सराव लवकरच. वेळापत्रक तयार केलं: रोज सकाळी सहा ते सात. गिटार आली की पहिल्या दिवसापासून.

२३ मार्च
चौथा नमुना. काय फरक आहे! आत खोली आहे, शांतता आहे. रंगाऱ्याचा हात धरून म्हणालो, पाहा, माणसाने अडून बसलं की कामात प्राण येतो. तो म्हणाला, हो साहेब. पट्टीच्या मागे पेन्सिलीने ३ लिहिलं आहे. आकडेही नीट लिहिता येत नाहीत. पण रंग जमला.
सासूबाईंना दाखवला. म्हणाल्या, हा मागच्या आठवड्यातलाच. वय झालं.

४ एप्रिल
बॉडीला रंग चढला. पावतीवर सही मागितली. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: नमुना व प्रत्यक्ष काम यांत थोडाफार फरक होऊ शकतो, त्याबद्दल तक्रार चालणार नाही. थोडाफार! भाषेची ही दशा. मी पेनने खोडून ‘किंचित’ केलं आणि सही केली. रंगारी म्हणाला, याने काय होणार? मी म्हणालो, कळेल.

६ एप्रिल
सकाळी सहाला उठलो. गिटार नसल्याने पुन्हा झोपलो. वेळापत्रक मात्र चुकलं नाही.

११ एप्रिल
जिन्यात भूगोलाचे सर भेटले. शर्टाच्या खिशात खडू, बोटांना पांढरं. यांची गिटार मी पाहिली आहे. एके ठिकाणी चिकटपट्टी लावली आहे. म्हणाले, शेजारी, लेक फार छान गाते हो, तुम्ही दोघं एकदा वर या, सगळे मिळून वाजवू. मी सांगितलं, माझी गिटार लॅकरमध्ये आहे. ते म्हणाले, मग माझी घ्या.
चिकटपट्टीची! माणसाला काही वाटत कसं नाही!

१९ एप्रिल
लॅकरचा शेवटचा हात झाला. बॉडी तारेला टांगलेली पाहिली. पडद्याच्या फटीतून, कारण आत जाऊ दिलं नाही. ती हळूच फिरत होती. मागच्या भिंतीवर रंगाऱ्याने खडूने तारीख लिहिली होती: १९ एप्रिल, आणि पुढे ३१ मे. मी १८ मेची पुन्हा आठवण करून दिली. म्हणाला, १८ला दुसरी कुठली तरी वाजवा ना. वाजवायचंच आहे.
वाजवायचंच आहे! हा मनुष्य आयुष्यभर वस्तूंना रंग लावतो आणि वस्तू कशासाठी असते हे त्याला ठाऊक नाही.

२७ एप्रिल
कन्या म्हणाली, बाबा, निदान कॉर्ड तरी एकदा डोळ्यांखालून घाला. घातल्या. फ्रिज उघडताना रोज घालतो. तिला सांगितलं की कॉलेजात आमचा बँड होता, आम्ही दोन कार्यक्रम केले होते. तिने विचारलं, दुसऱ्यात काय वाजवलं? दुसरा रद्द झाला होता. पहिल्यात काय वाजवलं ते तिने विचारलं नाही. बरं झालं. पहिल्यात माझ्याकडे ध्वनियोजना होती, म्हणजे माइक आणि वायरी.

३ मे
सर्दी. ऑफिसातल्या पंख्यामुळे. तक्रार केली. देखभाल विभागाने उत्तर पाठवलं: किंचित गैरसोय संभवते. माझा शब्द. चोर.

१० मे
आज निकाल लावला. दुपारी रंगाऱ्याकडे गेलो. नाही म्हणाला, तीन आठवडे आहेत अजून, वास येतोय. मी म्हणालो, नियम तुमचाच आहे, बघू या. बॉडीला नाक लावलं. दीर्घ श्वास घेतला. काहीही नाही. अगदी मागच्या बाजूलाही घेतला. काहीही नाही.
तो म्हणाला, साहेब, तुम्हाला सर्दी आहे. मी म्हणालो, सर्दी नाकाला आहे, निर्णयशक्तीला नाही. शेजारी खुर्चीला पॉलिश करणारा माणूस हसला. मोठ्या विनोदाला वेळ लागतो, हा लगेच हसला, म्हणजे दुसऱ्याच कशाला तरी हसला असणार.
शेवटी रंगाऱ्याने हाताला मऊ फडकं गुंडाळून नेक बसवली, तारा चढवल्या. पुड्यांवरची चित्रं पाहून म्हणाला, हे कुणी केलं? फार चोख काम आहे. मी सांगितलं, माझ्या देखरेखीखाली. पावतीवर त्याने लिहिलं: ग्राहकाच्या आग्रहावरून. सही घेतली. मग म्हणाला, घरी भिंतीला टांगा, चारी बाजूंनी मोकळी राहू द्या. पेटीत मुळीच घालू नका.
चित्र भिंतीला टांगतात. वाद्य पेटीत असतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
पेटी मी मार्चमध्येच घेऊन ठेवली होती. बाहेर काळी, आत लाल मखमल, गिटारच्या अंगाबरोबर बसणारी. संयम लाल मखमलीत ठेवला. एक क्षण पाहिला. हे जग याच्या योग्यतेचं नाही.
झाकण लावलं. धूळ जाऊ नये म्हणून वर दोन चादरी गुंडाळल्या, पेटी कपाटावर ठेवली.
कन्या धावत आली. म्हणाली, आली? काढा ना, वाजवू या. सांगितलं की १६ तारखेला सरांकडे तालीम आहे, तिथेच उघडेन. सगळ्यांनी एकदम पाहायला हवं. ती म्हणाली, बाबा, आठच दिवस राहिलेत. मी म्हणालो, आठ दिवसांत चार कॉर्ड, म्हणजे एका कॉर्डला दोन दिवस. गणित ऐकून ती परत तिच्या खोलीत गेली.

१२ मे
सासूबाई म्हणाल्या, घरात थिनरचा वास भरलाय, डोकं चढलं. त्यांना कधी गॅसचा वास येतो, कधी जळल्याचा, एकदा तर पाहुण्यांचा आला होता. बायकोने खिडक्या उघडल्या. आईची मुलगी. मी खोल श्वास घेऊन सगळ्यांना दाखवला. काहीही नाही.

१४ मे
कन्या आज तिच्या खोलीत एकटीच वाजवत होती. चार कॉर्ड, मग गाणं, मग थांबायची, पुन्हा चार कॉर्ड. दारातून पाहिलं. एका हाताने वाजवताना दुसऱ्या हाताची बोटं इतकी पटापट हलत होती की हे कधी शिकली ते कळलं नाही. विचारलं. म्हणाली, तुम्हीच ती गिटार मला दहाव्या वाढदिवसाला घेतली होतीत बाबा. घेतली होती. रंग बरा होता.

१५ मे
सकाळी सहा. उठलो. पेटी खाली काढावी असं वाटलं. पण उद्या सगळ्यांसमोर उघडायची ठरली आहे. ठरलेलं मोडायचं नाही. झोपलो.

१६ मे, संध्याकाळी सहा
तालीम. सरांची खोली. भिंतीवर नकाशे, खुर्च्या चार, तिसरीचा पाय हलतो. हजर: सर, कन्या, तबला वाजवणारे दंतवैद्य. त्यांचं नाव कुणी घेत नाही, सगळे डॉक्टर म्हणतात. पेटी टेबलावर ठेवली. दोन शब्द बोललो: रंग म्हणजे काय, संयम म्हणजे काय. दंतवैद्यांनी घड्याळ पाहिलं. मग कड्या उघडल्या आणि झाकण वर केलं.
गिटार निघेना.
ओढली. फाटल्यासारखा आवाज आला आणि ती वर आली. पाठीवर, कडांना, कमरेच्या दोन्ही बाजूंना लाल लव. दाट. जिथे नव्हती तिथे मखमलीच्या विणीचा छाप. पेटीच्या तळाला टक्कल पडलं होतं.
मग सर म्हणाले, अरे बापरे, किती वास येतोय. दंतवैद्यांनी खिडकी उघडली. कन्येने बोटाने लव हळूच खालून वर, वरून खाली फिरवून पाहिली. म्हणाली, उन्हाळ्यात जनावरांची गळते बाबा, कदाचित हिचीही गळेल. आणि हसली. दंतवैद्य हसले. सर तोंड फिरवून नकाशाकडे पाहू लागले, त्यांचे खांदे हलत होते.
मखमलीचा दर्जा निकृष्ट आहे.

त्याच दिवशी, सात वाजता
पेटीच्या कारखान्याला पत्र लिहिलं. कडक. लिहिता लिहिता उत्तर काय येईल ते डोळ्यांपुढे आलं. पाठवलं नाही.

१७ मे
रंगाऱ्याकडे. त्याने गिटार पाहिली, मग मला पाहिलं, मग तिचा वास घेतला. काही म्हणाला नाही. मला वाटलं होतं काहीतरी म्हणेल, उत्तर तयार होतं. वरचा थर उतरवून पुन्हा चढवावा लागेल, महिना. खडूने भिंतीवर नवी तारीख लिहिली.
परतलो तर कन्या दारात. हातात तिची गिटार. म्हणाली, बाबा, ही घ्या. अजून आख्खा दिवस आहे. मी दाखवते. चुकलात तरी चालेल, कुणाला कळणार नाही, मी मोठ्याने गाईन.
सांगितलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्या वाद्याशी माझं नातं नाही त्यावर मी लोकांसमोर वाजवणार नाही. ती म्हणाली, माझ्याशी आहे ना पण.
मी म्हणालो, वाक्य चांगलं आहे, पण मुद्द्याला धरून नाही.
ती गिटार घेऊन वर सरांकडे गेली. बायको आतून म्हणाली, अहो, काय माणूस आहात. तिची वाक्यं नेहमी अर्धी असतात.

१८ मे
कार्यक्रम. मी तिसऱ्या रांगेत. खुर्ची कडेची घेतली, मधेच उठून जाता यावं म्हणून. साठेक लोक. ध्वनिक्षेपक घरघरत होता. आधी एका बाईंनी फार वेळ गायलं. मग कन्या आणि सर. चिकटपट्टी तिसऱ्या रांगेतूनही दिसत होती.
कन्या माइकपुढे म्हणाली, या गाण्यात माझे बाबा वाजवणार होते, पण त्यांच्या गिटारवर उपचार चालू आहेत. लोक हसले. मी मागे वळून पाहिलं, सरांच्या आखूड पँटला हसत असावेत.
मग गायली. दुसरं कडवं लांब नाही. मला त्या दिवशी तसं का वाटलं ते कळत नाही, बहुधा चहा गरम होता. सर तिच्या तोंडाकडे पाहत वाजवत होते. ती श्वास घ्यायला थांबली की तेही थांबायचे. एका जागी तिने सवयीने डावीकडे पाहिलं. डावीकडे कुणी नव्हतं, सर उजवीकडे बसले होते.
उठून गेलो नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या.

२१ मे
कन्या गेली. बस एक तास उशिरा आली. बायको आणि सासूबाई बाकावर, कन्या आणि मी बॅगेपाशी. एक तास म्हणजे पुष्कळ वेळ. कार्यक्रम चांगला झाला असं सांगायचं ठरवलं होतं. लॅकर आणि साधा रंग यांतला फरक सांगितला. ती ऐकत होती. बस सुरू झाल्यावर तिने काचेतून काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही, पण हो म्हणालो.

२२ मे
फ्रिजवरचा कागद बायकोने काढला नाही. मीही काढला नाही. घर नीटनेटकं ठेवण्याची जबाबदारी कुणी घेत नाही.

२० जून
गिटार आली. या वेळी रंगाऱ्याने स्वतः वास घेतला, मग पॉलिशवाल्याला घ्यायला लावला, मग मला. सर्दी नव्हती. लाकडाचा आला, बाकी कशाचा नाही.
घरी भिंतीला टांगली. निर्दोष. प्रकाशात राखाडी, सावलीत हिरवी. बायको म्हणाली, छान दिसतेय. सासूबाई म्हणाल्या, शोभतेय हो. वाट पाहिली. पुढे काही नाही. चार महिने ज्यांच्याशी भांडायचं होतं त्यांनी एका वाक्यात शरणागती पत्करली. अशा विजयाला अर्थ नाही.

२२ जून
कन्येचा फोन. वासराला दूध पाजायला शिकली आहे. मी गिटार आल्याचं सांगितलं, रंगाचं सविस्तर वर्णन केलं. ती म्हणाली, बाबा, वाजवली का? म्हणालो, अर्थात. ती म्हणाली, मग माझं गाणं वाजवा ना, मी इथून गाते. फोन बाजूला ठेवा.
ठेवला. पलीकडे ती वाट पाहत होती. मागे कुठेतरी गाय ओरडली.
तार तुटली, असं सांगितलं. ती म्हणाली, कुठली? म्हणालो, मधली. सहा तारांत मधली नसते हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. तिच्या ते आधीच लक्षात आलं असणार. म्हणाली, बरं बाबा, बसवली की सांगा. मी इथेच आहे.

२५ जून
ऑफिसातून लवकर आलो. खोलीचं दार लावलं. कागद फ्रिजवरून काढून समोर ठेवला. पहिली कॉर्ड. बोटं कुठे ठेवायची त्याचं तिने कोपऱ्यात चित्र काढलं आहे. बोटं ठेवली. आवाज आला नाही, नुसतं खट्ट झालं. दाबून ठेवली. पुन्हा खट्ट. दीड तास. गिटारमध्ये दोष असावा. नेक बसवताना रंगाऱ्याने चूक केली असणार. रागाने पावती काढली. ‘किंचित’. माझ्याच अक्षरात.
दाराबाहेरून सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, काही ठोकताय का आत?

२७ जून
वर सरांकडे गेलो. सांगितलं की एका परिचितासाठी चौकशी आहे, प्रौढ गृहस्थ, वाद्य उत्तम आहे, हातही आहे, फक्त पाया थोडा पक्का करायचा आहे. सर म्हणाले, पाठवा की. रविवारी सकाळी आठ. गिटार कुठलीही चालेल. मी म्हणालो, त्यांची विशेष आहे. ते म्हणाले, विशेष असेल तर विशेष आणा.
मग टेबलावर टेकलेल्या माझ्या डाव्या हाताकडे पाहून म्हणाले, फक्त त्यांना म्हणावं, डाव्या हाताची नखं कापून या. इतकी वाढवली तर तार दाबलीच जात नाही.
मी म्हणालो, सांगतो त्यांना.

२९ जून, रविवार, सकाळी साडेसात
नखं कापली. डाव्या हाताची. अंगठ्याचंही कापायचं असतं का ते विचारायचं राहिलं. कापलं.